उजेडाची वाट पाहताना : परदेशातील डोंगरवाटांवरचे अनुभव

डोंगरात चालणाऱ्याचे आणि छायाचित्र काढणाऱ्याचे घड्याळ क्वचितच जुळते. चालणाऱ्याला अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा असतो आणि छायाचित्र काढणाऱ्याला नेमकी तीच वेळ वर घालवायची असते. सह्याद्रीत ही ओढाताण आपण निभावून नेतो. वाट ओळखीची असते आणि फारच उशीर झाला तर पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी पडवीत पथारी पसरता येते. परदेशात मात्र शेवटची बस, मुक्कामाच्या ठिकाणची जेवणाची वेळ, सोबत्यांचा संयम आणि परतीचे तिकीट असे सगळेच आडवे येते. म्हणून या धाग्यात एवढेच विचारायचे आहे : परदेशातील डोंगरात उजेडासाठी आपण कोठे थांबलात, त्याची काय किंमत मोजलीत आणि हाती काय लागले? प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कृपया नकोत. सुरुवात मीच करतो.

इटलीच्या उत्तरेस डोलोमाइट पर्वतात त्रे चीमे दि लावारेदो हे तीन सुळके एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांपैकी मधला सर्वांत उंच, २९९९ मीटर. बस २३२० मीटर उंचीवरील औरोंत्सो या निवाऱ्यापर्यंत नेऊन सोडते आणि तेथून सुळक्यांना वळसा घालणारी वाट सुमारे दहा किलोमीटरची आहे. बहुतेक लोक सकाळी निघून दुपारी परततात, आणि छायाचित्रांच्या दृष्टीने हीच चूक होते. सुळक्यांची प्रसिद्ध बाजू उत्तरेची आहे. ती दिवसभर सावलीत असते, त्यामुळे दुपारच्या चित्रात पांढरे पडलेले आकाश आणि त्यापुढे करडी भिंत एवढेच येते. जुलैत मात्र सूर्य वायव्येला सरकून मावळतो आणि शेवटच्या तासाभरात त्याची तिरपी किरणे त्या भिंतीला घासून जातात. फिकट कातळ आधी पिवळा, मग नारिंगी, मग गुलाबी होतो. तेथील लादिन भाषेत या रंगबदलासाठी ‘एन्रोसादीरा’ असा स्वतंत्र शब्द आहे. ज्यांना हे रोज दिसते त्यांनीही त्याला नाव द्यावे, यातच सारे आले.

त्यासाठी आम्ही समोरच्या लोकातेल्ली निवाऱ्यात मुक्काम केला होता. तेथील जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. जेवण ठरलेल्या वेळी एकदाच मिळते. आमची पाळी सातची होती आणि सूर्यास्त नऊच्या सुमारास, म्हणून जमले. मागच्या उतारावर पहिल्या महायुद्धात खोदलेल्या गुहा आहेत, कारण १९१५ ते १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रियाची आघाडी याच डोंगरांतून जात होती. त्यातल्या एका गुहेच्या तोंडाशी तिपाई लावली. चौकटीच्या कडेला काळा ओबडधोबड दगड, मध्ये तीन सुळके. भिंत उजळली तेव्हा दुपारी सपाट दिसलेल्या कातळातील प्रत्येक भेग आणि प्रत्येक फळी आपापली सावली घेऊन वेगळी झाली. वर तेज आणि खाली अंधारलेले कुरण असा फरक एका चित्रात मावेना, म्हणून कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरची, म्हणजे कॅमेऱ्यात कमीजास्त उजेड घेऊन, तीन-तीन चित्रे घेत गेलो. हा सारा खेळ वीस मिनिटांत आटोपला.

किंमत नंतर मोजली. गारठलेला कॅमेरा मी तसाच उबदार खोलीत नेला आणि काही क्षणांत लेन्सवर, आतल्या काचेवरसुद्धा, बाष्प धरले. पहाटेपर्यंत ते हटले नाही आणि सूर्योदय मी नुसत्या डोळ्यांनी पाहिला. आत जाण्यापूर्वी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे म्हणजे बाष्प पिशवीवर धरते, हे मला अगोदर ठाऊक होते. आळस नडला.

नाशिकहून

माझा अनुभव नेपाळचा आहे आणि त्यातील चूक इतकी बाळबोध आहे की ती लिहिताना संकोच वाटतो. मार्चअखेरीस गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असताना आम्ही उल्लेरीच्या न संपणाऱ्या दगडी पायऱ्या चढून घोरेपानीला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पून हिलवर जायचे होते. हा चढ पाऊण तासाचा आहे. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. मोबाईलने ती आपोआप बदलून घेतली होती, परंतु मी गजर लावला तो मनगटावरच्या घड्याळाला. धावपळ करून वर पोहोचले तेव्हा ८१६७ मीटर उंचीच्या धवलगिरीच्या माथ्यावरची पहिली लाली उतरून गेली होती आणि त्याचे अर्धे अंग पिवळ्या उन्हात न्हात होते. सर्वांत उंच शिखराला ऊन आधी लागते, त्यामुळे तेथे पंधरा मिनिटे म्हणजे निम्मा कार्यक्रम. त्यातच थंडीने कॅमेऱ्याची बॅटरी मान टाकू लागली. जादा बॅटरी पाठपिशवीत न ठेवता स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली होती, एवढे एक शहाणपण कामी आले. कॅमेऱ्यातील घड्याळही भारतीय वेळेवरच होते. आजही त्या चित्रांवरची वेळ पाहिली की पंधरा मिनिटे मिळवावी लागतात.

एडिंबराहून

स्कॉटलंडमधील सर्वोच्च शिखर १३४५ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून (१६४६ मीटर) तीनशे मीटरने ठेंगणे, त्यामुळे येथील डोंगरांना मी सुरुवातीला मनापासून मान दिला नव्हता. स्काय बेटावरील ओल्ड मॅन ऑफ स्टॉर या सुळक्याने ती गुर्मी उतरवली. डिसेंबरात येथे सूर्य नऊच्या सुमारास उगवतो, त्यामुळे झोपमोड फारशी होत नाही, पण पाऊस आडवा येतो. दोन तास भिजत थांबलो. काच पुसण्याचे खास कापड चिंब झाले आणि शेवटी आईने दिलेल्या सुती रुमालाने वेळ मारून नेली. वाट पाहताना शेजारच्या कातळावर हात टेकला आणि जाणवले की हा दगड माझ्या ओळखीचा आहे : काळा, खरबरीत, थरावर थर. स्काय बेटाचा हा भागही सह्याद्रीसारखाच लाव्हाच्या थरांनी बनला आहे. दख्खनचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आणि येथील सुमारे सहा कोटींचे. ढगांखालून चार मिनिटे ऊन आले, तेव्हा मी सुळक्याऐवजी त्या ओल्या कातळाचीच चित्रे अधिक काढली. सोबतच्या मित्राला ती मुळीच आवडलेली नाहीत.

ठाण्याहून

माझे अगदी थोडक्यात. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नव्हे, तर लागणारा वेळ लिहिलेला असतो. हा वेळ न थांबता चालणाऱ्याचा, हे ध्यानात ठेवावे. मॅटरहॉर्नचे प्रतिबिंब पडते त्या रिफेलझे तळ्याकडे रोटेनबोडेन स्थानकावरून दहा मिनिटांत उतरता येते. सत्तरीच्या आईला आणि तिपाईला घेऊन मला पंचवीस लागली. तेवढ्यात वारा सुटला आणि पाणी हलले.

बंगळूरहून

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, म्हणून पातागोनियाचे सांगतो. अर्जेंटिनातील एल चाल्तेन गावाहून फिट्झ रॉय शिखराखालच्या लागुना दे लोस त्रेस तळ्यापर्यंतची वाट शेवटच्या किलोमीटरपर्यंत सोपी आहे आणि मग त्या एकाच किलोमीटरात सुमारे चारशे मीटर चढते. शिखराची पूर्वेची भिंत सूर्योदयाला लाल होते, म्हणून मी विजेरीच्या उजेडात रात्रीच चढलो. तिपाई स्थिर राहावी म्हणून पुस्तकी सल्ल्याप्रमाणे तिला पाठपिशवी लटकवली. वाऱ्याने पिशवीचा लंबक केला आणि तिनेच तिपाई खडकावर आपटली. फिल्टर फुटला, लेन्स वाचली. पिशवी लटकवायचीच असेल, तर ती जमिनीला टेकलेली असावी. चाल्तेन या स्थानिक शब्दाचा अर्थ ‘धुमसणारा डोंगर’ असा आहे, कारण माथ्यावर ढग सतत चिकटलेला असतो. तीन पहाटे मी वर गेलो आणि तिन्ही वेळा तो ढगच पाहून आलो. चौथ्या दिवशी सकाळच्या बसने गाव सोडले आणि पंधरा-वीस मिनिटांनी मागच्या आसनावरील कोणीतरी ओरडले. आख्खे शिखर निरभ्र आकाशात उभे होते. मागच्या काचेवर बोटभर धूळ होती, आणि चालकाने बस थांबवली नाही.