मदत हवी आहे: विंडोज १० च्या सी ड्राइव्हचा बॅकअप

नमस्कार मंडळी,

घरचा पीसी जुना आहे. सहाव्या पिढीचा आय-३, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तरी तो आहे तसाच चालवायचाय, कारण आईचं जुन्या फॉन्टचं मराठी टायपिंग त्यावरच आहे.

दोन वर्षांपूर्वी एकदा मशीन सुरूच होईना. दुकानदाराने फॉरमॅट मारलं. "डी ड्राइव्हला हात लावला नाही, काळजी नको." पण आईचं सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे सी मध्येच! तेव्हा निदान टायपिंगची सीडी चालत होती, आता तिच्यावर इतके चरे आहेत की वाचलीच जात नाही.

तर सी जसाच्या तसा उचलून ठेवायचाय. २५६ जीबीची एसएसडी, ९२ जीबी भरलेली. १ टीबीची बाहेरची डिस्क आहे, पण त्यात घरचे सगळे फोटो. क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं मोफत सॉफ्टवेअर) वापरलं तर ते पुसले जातील का? शिवाय डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी च्या आधी १०० एमबीचा एक बिननावाचा तुकडा दिसतो. तोही घ्यायचा का?

प्रतिसाद १

तो १०० एमबीचा तुकडाच महत्त्वाचा. विंडोज सुरू व्हायची सोय त्यात असते. नुसता सी नव्या एसएसडीवर टाकलात तर मशीन उठणार नाही. म्हणून एकटं पार्टिशन (डिस्कचा एक तुकडा) नको, क्लोनझिलातल्या 'सेव्हडिस्क' पर्यायाने पूर्ण डिस्क घ्या. रिकामी जागा कॉपी होत नाही आणि बाकीचंही दाबून लहान केलं जातं, त्यामुळे सहसा ९२ जीबीपेक्षा कमीतच बसेल.

फोटोंचं म्हणाल तर सुरुवातीच्या पर्यायांत 'डिव्हाइस-इमेज' निवडा. इमेज, म्हणजे डिस्कची फाइलींत साठवलेली प्रत, एका फोल्डरात जाते, बाकीच्याला धक्का नाही. 'डिव्हाइस-डिव्हाइस' निवडलंत आणि बाहेरची डिस्क दाखवलीत, की फोटो गेले. एंटर दाबण्याआधी डिस्कचा आकार वाचा.

प्रतिसाद २

शिफ्ट दाबून शट डाउन करा. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, मग क्लोनझिला कुरकुर करतं. आणि काम सुरू करण्याआधी, इमेज झाल्यावर तपासू का असं विचारेल, तिथे हो म्हणा. नवी एसएसडी घ्याल ती २५६ पेक्षा लहान नको.

धागाकर्ता

झालं! इमेज तपासूनही घेतली. क्लोनझिलाचा पेनड्राइव्ह डिस्कच्याच डब्यात ठेवलाय. डब्यावर आईने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'दुकानदाराला देऊ नये.'