मदत हवी आहे : राष्ट्रीय संस्कृती आणि बांधकामातील गुणवत्ता व्यवस्थापन

नमस्कार. बांधकाम कंपन्यांच्या गुणवत्ता व्यवस्थापनावर राष्ट्रीय संस्कृतीचा परिणाम कसा होतो, या विषयावर मी प्रबंध लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक सर्व देशांत एकच आहे. तरीही त्रुटी आढळताच तिची नोंद करण्याची त्यातील अपेक्षा सगळीकडे सारखी पाळली जात नाही. डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करण्यासाठी मांडलेल्या सांस्कृतिक परिमाणांपैकी सत्ता-अंतर (म्हणजे अधिकारातील विषमता लोक कितपत स्वीकारतात) मला येथे सर्वांत महत्त्वाचे वाटते. जिथे वरिष्ठांना हटकणे उद्धटपणाचे मानले जाते, तिथे सळयांचे कव्हर (सळयांवरील काँक्रीटच्या थराची जाडी) कमी असल्याचे दिसूनही कनिष्ठ अभियंता गप्प राहण्याची शक्यता वाढते, आणि एकदा काँक्रीट ओतले की ती चूक कायमची झाकली जाते. हे मला फार गंभीर वाटते, कारण पुढे त्या इमारतीत माणसे राहणार असतात.

अडचण अशी की हॉफस्टेड यांची मूळ माहिती १९६७ ते १९७३ या काळातील आणि एकट्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांची आहे. शिवाय एकाच साइटवर कंत्राटदार, सल्लागार आणि कामगार तीन वेगवेगळ्या देशांतले असू शकतात. अशा वेळी सत्ता-अंतरासाठी कोणत्या देशाचे गुण (स्कोअर) ग्राह्य धरावेत? आणि सर्वांत कमी दराची निविदा, पोटकंत्राटांची साखळी, मुदतीचा ताण यांचा परिणाम संस्कृतीच्या परिणामापासून वेगळा कसा काढावा? विशेषतः त्रुटी-नोंदी किंवा पुन्हा कराव्या लागलेल्या कामाच्या नोंदी वापरून कोणी अशी तुलना केली असल्यास कृपया पद्धत सविस्तर सांगावी.