कात्री नेमकी कशाला लागली?

प्रादेशिक नाट्यसंस्था अभिजात नाटकांना कात्री लावून मूळ संहितेशी प्रतारणा करतात, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. वेळेच्या मर्यादेपायी केलेली सरसकट छाटणी मलाही खटकते. परंतु मूळ संहिता एकच असते, हे गृहीतक निदान शेक्सपिअरच्या बाबतीत टिकत नाही. ‘किंग लिअर’च्या १६०८ च्या क्वार्टो प्रतीतील (एकाच नाटकाच्या लहान आकाराच्या छापील आवृत्तीतील) सुमारे ३०० ओळी १६२३ च्या फोलिओत (त्याच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात) नाहीत आणि फोलिओतील सुमारे १०० ओळी क्वार्टोत सापडत नाहीत. वादळाच्या रात्री भ्रमिष्ट लिअर आपल्या मुलींवर काल्पनिक खटला चालवतो, तो विलक्षण भाग केवळ क्वार्टोत आहे. त्यामुळे तो प्रयोगात दिसला नाही, तर दिग्दर्शकाने तो गाळला असेल किंवा फोलिओचा पाठ प्रामाणिकपणे स्वीकारला असेल. नाटकाचे अखेरचे बोलही क्वार्टोत लिअरचा जावई ऑल्बनी याच्या आणि फोलिओत सरदार ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्या तोंडी आहेत, आणि उद्ध्वस्त राज्याचा भार कोणाच्या खांद्यावर येतो याचा अर्थ त्याने बदलतो.

म्हणूनच प्रयोगाला जाण्यापूर्वी मी दोन्ही पाठ चाळतो आणि शेवटी कोण बोलते याकडे आवर्जून लक्ष देतो. (दोन्ही पाठांचे मिश्रणही पुष्कळदा होते.) ‘हॅम्लेट’च्या १६०३ च्या क्वार्टोत तर ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे प्रसिद्ध स्वगत नंतरच्या प्रतींपेक्षा बरेच आधी येते आणि राणी मुलाला सूडात साथ देण्याचे उघड वचन देते, तिथे प्रवेशांचा क्रम बदललेला दिसताच दिग्दर्शकाला दोष देणे घाईचे ठरेल.