टपाली मतमोजणीचा बदललेला क्रम : गोव्यात खर्च किती, परिणाम काय?

प्रश्न : फोंड्याचा मतदार

नमस्कार. भारत निवडणूक आयोगाने सप्टेंबर 2025 मध्ये टपाली मतपत्रिकांच्या (म्हणजे सैनिक, निवडणूक कामावरचे कर्मचारी आणि घरून मत देणारे वृद्ध व दिव्यांग यांच्या मतांच्या) मोजणीचा क्रम बदलला. टपाली मते सकाळी 8 वाजता आणि यंत्रांवरील मते 8.30 वाजता मोजायला घ्यायची, हे पूर्वीप्रमाणेच राहिले आहे. मात्र टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी आता सुरू करता येणार नाही. 2022 च्या विधानसभा निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल 76 आणि फोंड्याचा 77 मतांनी लागला होता, त्यामुळे टपालाचा एखादा गठ्ठाही आपल्याकडे निकाल फिरवू शकतो. पुढची निवडणूक 2027 च्या आरंभी अपेक्षित आहे. या बदलापायी राज्यावर जादा भार किती पडेल आणि मतदाराच्या पदरात नेमके काय पडेल, हे मोजणीचे काम जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त महसूल कर्मचारी, डिचोली

विधानसभा निवडणुकीचा खर्च राज्य सरकार करते, म्हणून आपला प्रश्न रास्त आहे. मोजणीची जागा, पोलीस बंदोबस्त आणि कॅमेरे यांची व्यवस्था तशीही करावीच लागते. जादा भार येतो तो टपाली मतांच्या वाढीव टेबलांचा, म्हणजे प्रत्येक टेबलावरचा साहाय्यक निवडणूक निर्णय अधिकारी, पर्यवेक्षक, मदतनीस आणि सूक्ष्म निरीक्षक यांचे भत्ते व प्रशिक्षण यांचा. एकूण निवडणूक खर्चाच्या मानाने ही रक्कम मोठी नाही.

खरी अडचण वेळेची आहे. बाहेरचे पाकीट उघडायचे, आतील घोषणापत्रावर मतदाराची सही आणि साक्षांकन (ती सही खरी असल्याची अधिकाऱ्याची नोंद) आहे का ते पाहायचे, त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरील क्रमांकाशी ताडायचा, आणि मगच आतले पाकीट उघडायचे. सैनिकांच्या मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवलेल्या असतात. त्या टपालाने परत आल्यावर त्यांवरील क्यूआर कोडही तपासावे लागतात. आपल्याकडे एका मतदारसंघात सरासरी 30 हजारांहून कमी मतदार असल्यामुळे यंत्रांच्या फेऱ्या थोड्या होतात आणि शेवटून दुसरी फेरी लवकर येऊन ठेपते. उत्तर प्रदेशातील मोठ्या मतदारसंघात हा नियम कदाचित जाणवणारही नाही, परंतु गोव्यात टपाली टेबले अपुरी पडली तर यंत्रांवरचे कर्मचारी ताटकळत बसतील.

उत्तर 2 : शिक्षिका, मडगाव (निवडणूक कामाचा अनुभव)

वरील माहिती बरोबर आहे, परंतु क्रम बदलल्याने बाद होणारे एकही मत वाचत नाही, हे मला आग्रहाने मांडावेसे वाटते. घोषणापत्रावर सही नसेल, साक्षांकन राहिले असेल किंवा क्रमांक जुळत नसेल तर आतले पाकीट न उघडताच ते मत बाद होते. मतदाराने कोणाला पसंती दिली होती हे कुणालाच कळत नाही. विजयाचे अंतर बाद झालेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकालापूर्वी त्या सर्व मतपत्रिकांची फेरतपासणी बंधनकारक आहे, आणि 76-77 च्या फरकाने निकाल लागणाऱ्या राज्यात या तरतुदीचे मोल फार आहे. तरीही फेरतपासणीत राहून गेलेली सही उगवत नाही.

म्हणून ऑगस्ट 2023 मधील दुरुस्ती मला अधिक मोलाची वाटते. तोवर निवडणूक कामावरचे कर्मचारी मतपत्रिका घरी नेऊन मोजणीच्या दिवशी सकाळी 8 पर्यंत केव्हाही पोहोचवू शकत होते. त्या काळात मत मागायला कोण दारात येईल आणि कर्मचाऱ्याला कोणता संकोच पडेल, हे छोट्या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. आता त्यांनी मतदार सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत नोंदवायचे आणि तिथेच ती परत करायची असते. साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकारीही तिथेच असतो. खर्च एका खोलीचा आणि काही माणसांचा. लाभ मात्र मत वैध ठरण्याचा आणि गुप्त राहण्याचाही.

उत्तर 3 : काणकोणचा वाचक

टपाली मतांतच येणाऱ्या घरून मतदानाचाही विचार व्हावा. तिथे वाहन, दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ चित्रण इतका लवाजमा लागतो, आणि मतदार पहिल्या भेटीत घरी नसेल तर पथकाला पुन्हा जावे लागते. सत्तरी किंवा काणकोणच्या विखुरलेल्या वाड्यांवर एका मतासाठी अर्धा दिवस जाऊ शकतो. मार्च 2024 मध्ये वयाची अट 80 वरून 85 वर नेली, त्यामुळे पथकांचे काम कमी झाले. मात्र 81 वर्षांच्या ज्या आजींना जिना उतरवत नाही, त्यांना दिव्यांग म्हणून पात्र ठरल्या तरच ही सोय मिळते. एरवी कुणीतरी उचलून केंद्रावर न्यावे लागते. तो भार सरकारी हिशेबात कुठेच दिसत नाही. या बचतीचे समर्थन मला करता येत नाही.

फोंड्याचा मतदार

सर्वांचे आभार. उत्तर 2 वाचल्यावर मला असे वाटते की प्रत्येक मतदारसंघात किती टपाली मते बाद झाली आणि कोणत्या कारणाने, याचा तक्ता निकालाबरोबरच प्रसिद्ध व्हावा. मोजणीच्या टेबलावर ही कारणे तपासली जातातच, त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च फारसा येणार नाही. अशी मागणी निवडणुकीच्या किती आधी आणि कोणत्या कार्यालयाकडे लेखी द्यावी, हे कोणी सांगू शकेल का?