विषय: बावधनच्या फ्लॅटची दस्तनोंदणी ई-सर्चमध्ये दिसत नाही

प्रेषक: माई

सप्रेम नमस्कार.

ज्या फ्लॅटबद्दल दिवाळी अंकाच्या बैठकीनंतर बोलणे झाले होते, तो व्यवहार धाकट्या दिरांनी माझ्या कुलमुखत्यारपत्रावर (माझ्या वतीने सह्या करण्याचा अधिकार देणाऱ्या पत्रावर) पूर्ण केला. एजंटाने पुरावा म्हणून सूची क्रमांक दोनचा (नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणाऱ्या कार्यालयीन उताऱ्याचा) मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला आहे. त्यात पानाचा वरचा भाग कापला गेला आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील मोफत ई-सर्चमध्ये पुणे जिल्हा, हवेली तालुका, बावधन खुर्द असे निवडून सर्व्हे क्रमांक टाकला, तर आमच्या नावाचा दस्तच निघत नाही. विक्रेत्याला पूर्ण रक्कम पोहोचली असून दिरांना पुन्हा पुन्हा विचारणे मला प्रशस्त वाटत नाही. इथे परदेशात बसून खात्री कशी करावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

माई

प्रेषक: अण्णा

माई,

फोटोवर विसंबू नका. दिरांकडून संपूर्ण पान मागवा. जो भाग कापला गेला आहे, नेमका तोच कामाचा आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव, दस्त क्रमांक, गावाचे नाव आणि त्याखाली पहिल्याच रकान्यात विलेखाचा प्रकार, हे सारे वर असते. खालच्या रकान्यांत पक्षकारांची नावे, दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक आणि नोंदणी केल्याचा दिनांक असे दोन वेगळे दिनांक येतात. संकेतस्थळावर जे वर्ष विचारतात ते नोंदणीचे असते. त्यामुळे डिसेंबरात सह्या होऊन जानेवारीत नोंदलेला दस्त जुन्या वर्षात कितीही शोधला तरी सापडणार नाही.

दुसरे असे की, बावधन हे एक गाव नाही. बावधन खुर्द हवेली तालुक्यात आहे आणि बावधन बुद्रुक मुळशीत. पत्त्यावर सगळेच नुसते ‘बावधन, पुणे’ लिहितात. बिल्डरांच्या जाहिरातींतही तेच असते. तालुका मुळशी निवडून एकदा पाहा. दस्त हवेलीच्या एखाद्या कार्यालयात नोंदला असला तरी मिळकतनिहाय शोधात गाव आणि तालुका मिळकतीचाच द्यावा लागतो. सर्व्हे क्रमांकाने न मिळाल्यास हिस्सा क्रमांकासह, सिटी सर्व्हे क्रमांकाने किंवा गट क्रमांकाने शोधावे, कारण नोंद करणाऱ्या लिपिकाने यांपैकी काय टाकले असेल याचा नेम नसतो. दस्त क्रमांक हाती आल्यावर मात्र ‘दस्तनिहाय’ शोध सर्वांत सोपा पडतो. कॅप्चा पहिल्या वेळी नाकारला गेला तरी निराश होऊ नये, ती त्या संकेतस्थळाची जुनी खोड आहे.

अण्णा

प्रेषक: नाना

अण्णांनी लांबचा रस्ता सांगितला. माझ्या मते सरळ मिळकत पत्रिका (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) काढावी. तिच्यावर नाव आले असेल तर घर आपले, नसेल तर काहीतरी पाणी मुरते आहे. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटच्या वेळी मी तसेच केले, तेव्हा पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचे नाव दिसत होते. त्यावरून मी बिल्डरला धारेवर धरले होते.

नाना

प्रेषक: खजिनदार

कृपया विषयाला ‘मालमत्ता’ असा शब्द जोडावा, असे मागील वर्षीच ठरले होते. गणेशोत्सवाच्या वर्गणीचे स्मरणपत्र या धाग्यांत हरवून जाते. तसेच मंडळ कायदेशीर सल्ला देत नाही, ही सूचना मी पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.

खजिनदार

प्रेषक: अण्णा

नाना,

तुमचे म्हणणे बंगल्याला आणि भूखंडाला लागू आहे, सोसायटीतील फ्लॅटला नाही. इमारतीखालील जमीन फ्लॅटधारकाच्या नावे होत नसून, अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी लेखी करून देणे) झाल्यास ती सोसायटीच्या नावे होते आणि न झाल्यास जमीनमालक किंवा बिल्डर यांच्याच नावे राहते. 1963 च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने ते अभिहस्तांतरण करून देणे बिल्डरावर बंधनकारक केले आहे, तरीही कितीतरी सोसायट्यांना मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरने करून न दिलेले अभिहस्तांतरण सरकारकडून मिळवण्यासाठी, अर्ज करावे लागतात. म्हणजे कोथरूडला तुम्ही जे पाहिले ते सोसायटीचे दुखणे होते. तुमचा दस्त नोंदला गेला की नाही, हे त्यातून कळतच नव्हते.

खजिनदारसाहेबांच्या सूचनेची नोंद घेतली आहे. वर्गणी मी भरली आहे.

अण्णा

प्रेषक: तात्या

मला वाटते, खरा धोका कुलमुखत्यारपत्रात असतो आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 33 असे सांगते की, परदेशात राहणाऱ्या व्यक्तीने दिलेले कुलमुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी यांच्यासमोर करून साक्षांकित झालेले असावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागावा, असे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम सांगतो. माईंच्या दिरांनी ते मुदतीत केले होते का? माझ्या मेहुण्याचे कागद केवळ एवढ्यावरून दुय्यम निबंधकांच्या टेबलावरून परत आले होते. वकिलातीचा शिक्का बघून सगळे निश्चिंत झाले होते, कागदाच्या मागची तारीख कोणी पाहिलीच नव्हती.

तात्या

प्रेषक: नाना

तात्यांच्या मेहुण्याचा दस्त परत आला, कारण त्याच्या कुलमुखत्यारपत्रात फ्लॅटचा क्रमांकच नव्हता, असे तेव्हा ऐकले होते. तीन महिन्यांचा प्रश्न नंतर निघाला.

नाना

प्रेषक: तात्या

क्रमांक होता, मजला नव्हता.

तात्या

प्रेषक: माई

सर्वांचे आभार. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे तालुका मुळशी आणि गाव बावधन बुद्रुक निवडताच दस्त निघाला. आम्हा दोघांची नावे आणि फ्लॅटचा क्रमांक बरोबर आहे. दिरांनी संपूर्ण दस्ताच्या स्कॅन प्रतीही पाठवल्या असून प्रत्येक पानावर कार्यालयाचा संक्षेप, दस्त क्रमांक आणि ‘7/48’ असा पानांचा आकडा उमटलेला आहे, शेवटी फोटो आणि अंगठ्यांचे पान आहे. कुलमुखत्यारपत्रावरचा मुद्रांकही मुदतीतला आहे, म्हणून तात्यांनी काळजी करू नये.

मात्र विलेखाचा प्रकार या रकान्यात ‘करारनामा’ लिहिले आहे. एजंट म्हणतो की, पूर्ण मुद्रांक शुल्क भरले आहे आणि ताबा मिळाला आहे, त्यामुळे आता काही राहिले नाही. हे योग्य आहे का?

माई

प्रेषक: नाना

एजंट बरोबर सांगतो. आमच्याकडेही करारनामाच आहे आणि बँकेने त्यावरच कर्ज दिले.

नाना

प्रेषक: अण्णा

माई, हा प्रश्न गावाच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे.

नानांनी फ्लॅट थेट बिल्डरकडून घेतला होता. तिथे नोंदणीकृत करारनामा हाच मुख्य दस्त असतो आणि जमिनीचे अभिहस्तांतरण पुढे सोसायटीच्या नावे होते. तुमचा फ्लॅट पुनर्विक्रीचा आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 54 स्पष्टच म्हणते की, विक्रीच्या करारामुळे, म्हणजेच करारनाम्यामुळे, मिळकतीत कोणताही हितसंबंध आपोआप निर्माण होत नाही. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या किंवा देऊ करणाऱ्या करारनाम्यावर खरेदीखताइतकेच (मालकी देणाऱ्या अंतिम दस्ताइतकेच) मुद्रांक शुल्क आधीच घेतले जाते. एजंट ज्याला पूर्णविराम म्हणतो तो शासनाच्या महसुलाचा पूर्णविराम आहे, तुमच्या व्यवहाराचा नव्हे. शुल्क आधी भरलेले असल्याने नंतरच्या खरेदीखताला नाममात्र मुद्रांक लागतो, त्यामुळे खर्चाच्या भीतीने ते टाळण्याचे कारण नाही.

म्हणून दिरांना दोन गोष्टी विचारा. खरेदीखतावर सह्या झाल्या आहेत का, हे आधी. झाल्या असतील, तर नोंदणी कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर झाला पाहिजे. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत, निकडीचे कारण दाखवून आणि नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंतचा दंड भरून तो सादर करता येतो. सह्याच झाल्या नसतील, तर विक्रेता अजून पुण्यात आहे तोवर त्या करून घ्याव्यात. पैसे मिळालेल्या माणसाला वर्षभराने शोधून दुय्यम निबंधकांसमोर उभे करणे फार जिकिरीचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे, तुमच्या कुलमुखत्यारपत्रात खरेदीखत करून घेण्याचा अधिकार दिला आहे का? काही ठिकाणी मसुद्यात केवळ करारनाम्याचाच उल्लेख असतो.

ई-सर्चमधून छापलेल्या पानाच्या तळाशी, मूळ प्रतीसाठी संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा अशी टीप असते. ती गांभीर्याने घेऊन दिरांनी सूची क्रमांक दोनची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे ती कोणालाही शुल्क भरून मिळते. त्याच फेरीत मागील मालकाच्या नावावरील दस्तही शोधावेत. विक्रेत्याने कर्ज काढले असेल, तर बँकेकडे हक्कलेख (मालकीचे मूळ कागद) ठेवल्याची सूचना तीस दिवसांत दाखल करावी लागते आणि ती याच शोधात दिसते. ती दिसली, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र मूळ कागदांसोबत आहे का, ते पाहावे.

सोसायटीचे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि महापालिकेच्या कराच्या बिलावरील नाव ही कामे खरेदीखतानंतर करता येतील.

अण्णा

प्रेषक: खजिनदार

अण्णांचे पत्र संग्रही ठेवत आहे. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा मंडळाच्या फोल्डरमध्ये होता, तो कोणी हलवला आहे?

खजिनदार

प्रेषक: तात्या

तो मसुदा माझा होता आणि त्यात खरेदीखताचा अधिकार लिहिलेला आहे. माईंनी तो वापरला असेल, तर परिच्छेद चार पाहावा.

तात्या

प्रेषक: माई

मी तोच मसुदा वापरला होता आणि परिच्छेद चारमध्ये ‘करारनामा व खरेदीखत’ असे दोन्ही शब्द आहेत. खरेदीखतावर सह्या अजून झालेल्या नाहीत. विक्रेते पुढील आठवड्यात मुलाकडे बंगळुरूला जाणार आहेत, म्हणून दिरांनी गुरुवारची वेळ घेतली आहे.

माई