फॅक्टर ८ चा रिपोर्ट २२ टक्के आला, तरी पुन्हा रक्त का द्यायचं?

देवगडची_आई
मुलगा ६ वर्षांचा. दुधाचा दात पडला तेव्हा दोन दिवस उशी लाल होत होती. मग खळ्यातल्या चिऱ्याच्या पायरीवर आपटला, गुडघा टम्म सुजला. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या दोन टेस्ट केल्या: पीटी नॉर्मल, एपीटीटी लांबलेली. माझ्या भावाचं लहानपणी असंच व्हायचं, आज त्याचे गुडघे धड वाकत नाहीत. पोटात गोळाच आला. हिमोफिलियाची शंका, म्हणून फॅक्टर ८ (रक्त गोठायला मदत करणारं प्रोटीन) तपासायला रक्त घेतलं, नळी तशीच बर्फात ठेवून रात्रीच्या बसने मुंबईला पाठवली. रिपोर्ट २२ टक्के. आता डॉक्टर म्हणतात, यावर विसंबू नका. पोराने सुई बघून आकांत केला होता हो, परत कशाला टोचायचं?

चिपळूणचा_लॅबवाला
ताई, डॉक्टरांचं बरोबर आहे. फॅक्टर ८ नाजूक प्रोटीन. रक्त घेतल्यापासून साधारण चार तासांत प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर पातळ भाग) वेगळा करून टेस्ट लावावी, नाहीतर तो प्लाझ्मा डीप फ्रीझरमध्ये गोठवून ठेवावा. आख्खं रक्त बर्फात ठेवलं की फॅक्टर ८ आणि त्याला रक्तात सांभाळणारं व्हॉन विलेब्रँड प्रोटीन, दोन्ही खाली येतात. उलट, मूल खूप रडलं तर फॅक्टर ८ वर चढतो. म्हणजे त्या २२ मध्ये दोन्हीकडची ओढाताण आहे. आणि हे किरकोळ नाही: ५ ते ४० टक्के म्हणजे सौम्य हिमोफिलिया, १ ते ५ मध्यम, १ च्या खाली तीव्र. उपचार त्यावरच ठरतात.
निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली होती का, तेही विचारा. नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं; ०.३ मिली सायट्रेटला २.७ मिली रक्त लागतं. कमी भरली तर एपीटीटी उगाच लांबते.

देवगडची_आई
नळी अर्धीच भरली होती, मी बघितलं. शीर सापडत नव्हती.

गुहागरची_मावशी
मग नळी नको, पोरालाच न्या. कणकवलीहून तुतारी एक्सप्रेस पकडा, सकाळी दादर. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. माझ्या भाच्याचं तिथेच झालं. व्हॉन विलेब्रँडही सोबत करून घ्या. आणि बाई, भावाला आहे म्हणतेस, तर स्वतःचाही फॅक्टर तपास. वाहक (दोष मुलांकडे पोचवू शकणाऱ्या) बायकांचाही कमी असू शकतो, पाळी जास्त जाते ती त्यामुळेही. तोवर पोराला कमरेत इंजेक्शन आणि ॲस्पिरिन, दोन्ही नको.

देवगडची_आई
माझी पाळी आठ-आठ दिवस जाते. कोणी कधी विचारलंच नाही. दोघांची चिठ्ठी घेते.