रँक आणि पर्सेंटाइल एका तराजूत नकोत

बरेच जण दोन्हीकडचे कटऑफ बघून म्हणतात की इंजिनिअरिंगला बेळगावच्या व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) प्रवेश कठीण आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे सोपा. माझ्या पुतणीच्या वेळी आम्हीही असंच आकडे शेजारी मांडून बसलो होतो, आणि दोन आठवडे वाया गेले.

केसीईटी म्हणजे कर्नाटकची प्रवेश परीक्षा; तिची रँक पीयूसीच्या (तिथल्या बारावीच्या) पीसीएमचे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे ५० टक्के आणि सीईटीचे ५० टक्के धरून लागते. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत बारावीचे गुण पात्रतेपुरतेच, क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत त्यावर. पीयूसीत भरपूर गुण मिळवलेल्या मुलीला कर्नाटकात बळ मिळतं, महाराष्ट्रात क्रमासाठी त्याचा उपयोग नाही. मग तुलना कशाची करायची? शिवाय व्हीटीयू हे संलग्न कॉलेजांचं विद्यापीठ. एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला झुंबड, दुसरीकडे सिव्हिलच्या जागा रिकाम्या. 'विद्यापीठ कठीण' म्हणण्यापेक्षा कॉलेज आणि शाखा बघा.

आणि हे फारसं कुणी सांगत नाही: महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातून बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी 'टाइप ई' ही वेगळी पात्रता आहे. एमएचटी-सीईटी द्यावीच लागते. पण कॉलेज सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषेचा, असे दोन्ही दाखले आत्ताच काढून ठेवा. खानापूर-निपाणीकडच्या पालकांना हे आवर्जून सांगा.